न विचारता केलेलं काम आणि सगळ्यांचं काम: तुमचे अनुभव लिहा

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात आहे. सोयाबीनचं बियाणं तयार करतो, तूर-हरभरा खरेदी करतो. मी तिथं व्यवस्थापक. आपल्या भागातल्या जिनिंगवर, गोदामात, संकलन केंद्रावर काम करणाऱ्यांनी इथं लिहावं म्हणून हा धागा काढतोय. कुणी न विचारता, आपल्या डोक्यानं काही केलं आणि ते सगळ्यांच्या कामी आलं किंवा अंगाशी आलं, असं तुमच्याकडे काय घडलं? सुरुवात मीच करतो.

दोन वर्षांपूर्वी तुरीची आवक तोंडावर आलेली आणि गोदामात पाय ठेवायला जागा नाही. गोदामावरच्या पोरानं रात्री हमालांना थांबवून घेतलं, बियाण्याच्या थप्प्या बारा-बारा पोत्यांच्या लावल्या आणि अर्धं गोदाम मोकळं करून दिलं. संचालकांनी पाठ थोपटली. मी बाहेरगावाहून आलो, मोकळी जागा पाहून खूश झालो, थप्पीकडे बघितलंच नाही.

मे महिन्यात उगवण तपासायला बसलो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवली. सहाव्या दिवशी उघडली. वरच्या पोत्यांतले ७८ दाणे उगवले होते, तळाच्या पोत्यांतले ६१. बियाण्याला किमान ७० लागतात. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीला अगदी लागून असतो. पोतं उंचावरून आदळलं किंवा वर भार पडला की दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही. म्हणून सातपेक्षा जास्त थरांची थप्पी लावत नाहीत. पोरगा त्या गुंडाळीकडे बघत राहिला. "मले हे कोनी सांगतलंच नाही, भाऊ," एवढंच बोलला. खरं होतं ते. विकायचं धान्य आणि पेरायचं बियाणं ठेवण्यातला फरक आम्हा ऑफिसातल्या तिघांनाच ठाऊक. तळाचा माल तेल गिरणीला घालावा लागला.

आता चाचणी हमालांसमोर होते, दाणे तेच मोजतात. गेल्या हंगामात थप्पीखाली फळ्या टाकायचं त्याच पोरानं सुचवलं. त्या दिवशी त्याला झापलं असतं तर तो पुन्हा कधी तोंड उघडता ना. डोकं चालवणाऱ्या माणसाला माल कुठं जातो, कशासाठी जातो हे आधी सांगा, असं मला मनापासून वाटतं. आता तुम्ही लिहा.

हिंगणघाटजवळून, जिनिंगवरचा फिटर

आमच्याकडे फळ्यावर रोज गाठींचा आकडा लिहितात, म्हणून सगळे गाठींमागे. कापसातला कचरा वेचणाऱ्या एका मावशीनं एकदा पट्टा बंद करायला लावला. लाल सुतळीचा हातभर तुकडा आत जाताना तिला दिसला होता. सुपरवायझर तिच्यावर ओरडला, पाळीच्या गाठी कमी भरल्या. मी जवळच उभा होतो आणि तिच्या बाजूनं बोललो नाही, ते अजून मनाला लागून आहे.

प्लास्टिकची सुतळी रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात गेली की तिचे केसासारखे तंतू होतात आणि १७० किलोच्या गाठीत पसरतात. मग ते कुणाच्यानं निघत नाहीत, कापड रंगवलं की डोळ्यांत भरतात. पुढं सूतगिरणीची तक्रार आली, भाव तुटला, तेव्हा आम्हाला कळलं की मालकाचा खरा घोर गाठींचा नव्हताच. तक्रारीचा कागद ऑफिसात आणि आकडा फळ्यावर, मग माणसं फळ्याकडेच बघणार ना! आता वेचणाऱ्या बाया पट्टा थांबवू शकतात. फळ्यावर गाठींखाली आणखी एक ओळ असते, आज काय काय निघालं: केस, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, खताच्या पोत्याचे धागे. शेतकरी भावांनो, कापूस प्लास्टिकच्या पोत्यात आणू नका, हात जोडून सांगतो.

वरूड, संत्रा पॅकिंग

तोडणीची टोळी कॅरेटमागे पैसे घेते, म्हणून फळ ओढून तोडते. देठाजवळची साल फाटली की गाडी पोचेपर्यंत तिथूनच सड लागते. आमच्या मुकादमानं स्वतःहून कात्र्या आणल्या. दिवसाचे कॅरेट कमी भरले, टोळीचा तोटा त्यानं खिशातून भरला. टोळीला दर वाढवून मिळायला अख्खा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा एक हंगाम गेला. भल्या माणसानं पदरमोड करत बसायचं, हे मला पटत नाही.

बुलडाणा जिल्हा, दूध संकलन केंद्र

मी जरा वेगळं लिहिते. फॅटचा आकडा रोज शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवायला मी आपल्या मनानं सुरुवात केली. भांडणं कमी झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या महिन्यापासून ते माझं कामच ठरलं, पाच गावांसाठी, पगार तोच. एक दिवस पाठवलं नाही तर वरून फोन. पुढं आणखी काही सुचलं होतं, पण सांगितलं नाही. काम सगळ्यांचं आहे म्हणता, मग त्यातला वाटाही दिसू द्या.

गडचिरोली, ग्रामसभेचा फडमुन्शी

आमची ग्रामसभा तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, स्वतः विकते; फडावरचा हिशेब मी लिहितो. ७० पानांचा एक पुडा. मे महिन्यात ते फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, वाळत घातलेले असतात, रोज उलटवावे लागतात. एका संध्याकाळी वावधन, म्हणजे वादळ उठलं, आभाळ काळं झालं. ताडपत्र्या आणायला ट्रॅक्टर लागत होता आणि अध्यक्ष मोहा-जंगलाकडे, फोन लागेना. मी ट्रॅक्टर बोलावला. अर्धा फड वाचला. तरी सभेत एका काकांनी विचारलंच, "कोणाले विचारून पैसे देल्ले?" मला वाईट वाटलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. पैसा गावाचा. त्याच सभेत ठरलं, अडीअडचणीला मुन्शीनं न विचारता खर्च करावा, ठरलेल्या रकमेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही फडावर उघडी ठेवावी.

धागाकर्ता

मुन्शीभाऊ, ती वही कोण बघतं?

गडचिरोली, ग्रामसभेचा फडमुन्शी

पुडे मोजायला आलेल्या बाया. सगळ्यात आधी त्याच.