मदत हवी आहे : सालईचा डिंक पोटात घ्यायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली. आईचे गुडघे फार दुखतात, मांडी घालून बसणं बंदच झालंय. मामांनी सातपुड्यातला सालईचा डिंक आणून दिला. आयुर्वेदात हीच शल्लकी, सांधेदुखीवर देतात, एवढं माहीत आहे. आमच्याकडे मात्र तो आजवर फक्त धुपाटण्यातच पडला.

पिवळसर खडे आहेत, सालीचे तुकडे चिकटलेले. एक खडा कोमट पाण्यात टाकला तर पाणी दुधाळ झालं, पण तळाशी चिकट गोळा राहिला. तो गाळून टाकायचा की औषध त्यातच असतं? शेजारच्या काकू म्हणतात तुपात तळून लाडवात घाल. पण तो धावड्याचा डिंक. हा राळेचा, मला धीर होत नाही.

आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते, पित्ताचाही त्रास आहे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कणभरही देणार नाही. तोवर कुणी वैद्य असतील तर सांगा : शोधन (म्हणजे औषधात वापरण्याआधी डिंक शुद्ध करणं) घरी जमतं का, की तयार गोळ्याच बऱ्या? आणि गुडघ्यावर लेप लावायचा तर कशात उगाळायचा?