डव्हटेल जिग: डावीकडचे कोपरे घट्ट, उजवीकडचे ढिले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, अंबडला कारखान्यात नोकरी, सुतारकाम फक्त रविवारी. आजोळचा जुन्या नाशकातला वाडा उतरवला तेव्हा मामाने सागाच्या ४ फळ्या माझ्यासाठी बाजूला ठेवल्या, त्याची आईसाठी पेटी करतोय. आजीची जी पेटी होती तिच्या कोपऱ्याला हाताने कापलेले डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला सांधा) होते, खालचे रुंद आणि वर जाता जाता एकेक बारीक होत गेलेले, आईला तस्सेच हवेत. म्हणून बोटं सरकवता येतात असा जिग (फळी पकडून राऊटरला, म्हणजे खाचा पाडायच्या मशीनला, बोटांमधून वाट देणारा साचा) घेतला, फिक्स अंतराच्या जिगवर सगळे टेल (एका फळीचे शेपटीसारखे, टोकाला रुंद दात) एकसारखेच येतात.

फळी रंधा मारून १८ मिमी, रुंदी २२० मिमी. आरपार डव्हटेल, म्हणजे कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे. टेल ८ अंशाच्या बिटने (राऊटरचं फिरणारं पातं), पिन (दुसऱ्या फळीचे, टेलच्या मधे बसणारे दात) सरळ बिटने. खिळे आधी मेटल डिटेक्टर फिरवून काढलेत, एक तरी राहिला असता तर बिटची वाट लागली असती.

तर प्रॉब्लेम असा की जिगच्या डाव्या स्टॉपला (फळीची कड टेकवायची खुंटी) लावून कापलेले कोपरे मस्त आले, हाताने अर्धे जातात मग रबरी हातोड्याने ठक ठक करत बसतात. पण उजव्या स्टॉपचे ढिले, पिनच्या बाजूला लग्नपत्रिकेचा कागद आरामात आत जातो. कोणी म्हणेल सगळं डावीकडेच काप ना, तर ते होत नाही कारण माझी रचना खाली-वर सारखी नाहीये. टेलची फळी उलटी केली तरी चालते, पिनची चालत नाही, पिन बाहेरच्या अंगाला अरुंद आणि आतल्या अंगाला रुंद लागते, फळी फिरवली की उतार उलटा पडतो आणि जॉइंट बसतच नाही (हे एक फळी वाया घालवून कळलं, पाइनची होती म्हणून वाचलो).

काय काय करून बघितलं: जिगच्या बोटांच्या पट्टीचं स्केल दोन्ही टोकांना एकाच आकड्यावर आहे. टेलच्या बिटची खोली अर्धा मिमी वाढवली, त्याने फिट काही घट्ट झाला नाही उलट टेल बाहेर डोकवायला लागले. पावसाने लाकूड फुगलं म्हणावं तर चारही फळ्या एकाच खोलीत होत्या. सागाच्या फळ्यांपैकी एकाच जोडीचा उजवा कोपरा कापलाय, बाकीचं काम थांबवलंय. कोणाला असा अनुभव?

प्रतिसाद १
दादा, बिटची खोली आधी परत मूळ जागी आणा. खोली वाढवून घट्ट करायची युक्ती अर्ध्या झाकलेल्या (एकाच बाजूने दिसणाऱ्या) डव्हटेलची, जिथे टेल आणि पिन दोन्ही एकाच डव्हटेल बिटने कापतात. आरपारमधे फिट पिनच्या कटवर ठरतो, बोटांची पट्टी पुढे-मागे करून. आणि स्केलच्या आकड्यावर जाऊ नका, व्हर्नियरने दोन्ही टोकांना पट्टीपासून जिगच्या बॉडीपर्यंत मोजा. फळीला बाक असेल तर तेही बघा, क्लॅम्प सुटला की परत वाकते.

प्रतिसाद २
राऊटर दोन्ही बाजूंना सारखाच धरता का? गाईड बुश (राऊटरच्या तळाची, बिटभोवतीची कडी, जी जिगच्या बोटांना टेकून चालते) बिटच्या बरोबर मध्यावर नसेल आणि तुम्ही मधेच राऊटर फिरवला तर खाच रुंद पडते, म्हणजे पिन बारीक. टेस्ट सोपी आहे, भंगार फळीवर सरळ पट्टी क्लॅम्प करा, बुश टेकवून एक खाच मारा, मग राऊटर अर्धा फिरवून त्याच खाचेतून परत जा. आणि बिट पूर्ण थांबल्याशिवाय राऊटर वर उचलू नका, जिगची बोटं कापली जातात.

(मूळ लेखक)
दोघांचे मनापासून आभार. पट्टी मोजली, दोन्ही टोकं समान. पण टेस्टमधे ८ मिमीची खाच दुसऱ्या फेरीत ८.४ झाली! आणि आता कळलं उजवीकडेच का. माझं टेबल बाल्कनीत भिंतीला लागून आहे, उजव्या टोकाला हँडल भिंतीवर आपटतं म्हणून तिथे मी दर खाचेत राऊटर तिरका फिरवत होतो, गेले ३ रविवार. बुशच्या प्लेटचे स्क्रू ढिले करून मधोमध आणली, टेबल दीड फूट पुढे ओढलं आणि हँडलवर मार्करने खूण केलीय, ती खूण कायम माझ्याकडेच राहणार. पाइनवर उजवा कोपरा आत्ताच ठोकला, कागद जात नाही.

सागाची जी पिनची फळी बिघडली तिचं टोक १८ मिमी कापून परत करणार, समोरची फळी पण तेवढीच आखूड करावी लागेल. पेटी जरा लहान होईल, आईला सांगितलंय, ती म्हणाली चालेल.