जुना रिसीव्हर पुन्हा जोडताना डायलचा काटा आणि स्टेशन जुळत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पायोनियरचा एसएक्स-780 हा 1978 सालचा, दर चॅनेलला 45 वॅटचा स्टिरिओ रिसीव्हर आहे. त्याची सर्व्हिसिंग पूर्ण करून आता तो पुन्हा जोडत आहे. वीजपुरवठ्याच्या भागातले वाळलेले कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूमपासून सिलेक्टरपर्यंतचे सगळे कंट्रोल क्लीनरने साफ केले आणि स्पीकर रिलेचे कॉन्टॅक्ट पुसून घेतले. सिरीज बोर्डवर (सेटच्या वीजवाटेत सुरक्षेसाठी बल्ब जोडण्याच्या बोर्डवर) 100 वॅटचा बल्ब लावून सेट चालू केला तेव्हा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला आणि काही सेकंदांनी रिलेचा 'टक' आवाज आला. स्पीकर टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेज दोन्ही बाजूंना 20 मिलिव्होल्टच्या आत आहे, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरबद्दल मला शंका नाही. प्रश्न डायलचा आहे.

डायलची दोरी जीर्ण झाली होती, म्हणून नवी ओवली. गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पाती पूर्ण आत गेलेल्या असताना काटा पट्टीच्या अगदी डाव्या खुणेवर यावा, या नियमाने काटा दोरीवर बसवला. तो अजून नेलपॉलिशने पक्का केलेला नाही. आकडे काचेवर छापलेले असल्यामुळे काच जागेवर बसवल्याशिवाय खरी परीक्षा होत नाही, म्हणून पुढचा पत्रा दोनच नटांवर तात्पुरता अडकवून पुण्यातली स्टेशने लावून पाहिली. ट्यूनिंग मीटरचा काटा बरोबर मध्यावर आणल्यावर 91.1 चे स्टेशन डायलवर 91.2 च्या आसपास दिसते, 98.3 चे 98.7 च्या जवळ आणि विविध भारतीचे 101 हे जवळजवळ 101.5 वर. चूक सगळीकडे एकाच दिशेची आहे, पण उजवीकडे जावे तशी ती वाढते.

काटा नुसता सरकलेला असता तर चूक दोन्ही टोकांना साधारण सारखीच दिसली असती, असे मला वाटते. दोरी ट्यूनिंगच्या दांड्यावर घसरली तरी तिची दोन्ही टोके गँगच्या मोठ्या चक्रीला बांधलेली असल्यामुळे काटा आणि गँग यांचे नाते बिघडण्याचे कारण नाही. काटा दोरीवर निसटतो आहे का, हे पाहण्यासाठी डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत आणला, तर स्टेशन पुन्हा त्याच जागी सापडले. त्यामुळे माझा संशय एफएमच्या लोकल ऑसिलेटरवर, म्हणजे स्टेशन पकडण्यासाठी सेटच्या आतच वारंवारता तयार करणाऱ्या भागावर आहे. वयोमानाने त्याची वारंवारता वरच्या टोकाला किंचित खाली आली असावी आणि ट्रिमर (बारीक जुळवणीचा छोटा कंडेन्सर) जरासा उघडावा लागेल, असा माझा अंदाज आहे. जुन्या दोरीवर काटा कुठे दाखवत असे, याची नोंद माझ्याकडे नाही, कारण सेट आला तेव्हा एफएमवर नुसती खरखर होती.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. आधी काटा गँगच्या बंद स्थितीवरून कायमचा पक्का करावा आणि मगच ट्रिमरला हात लावावा, हा क्रम बरोबर आहे ना? सिग्नल जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा चाचणी-सिग्नल देणारे यंत्र) नसताना, केवळ प्रक्षेपणाच्या भरवशावर हे काम करणे कितपत शहाणपणाचे आहे? 101 च्या पुढे मला खात्रीचे स्टेशन मिळत नाही. विद्यापीठाचे विद्यावाणी 107.4 वर आहे, पण ते सामुदायिक केंद्र असल्याने कमी शक्तीचे आहे आणि माझ्या घरी नीट लागत नाही. ऑसिलेटर हलवल्यावर अँटेनाकडचे ट्रिमरही सिग्नल मीटर पाहून पुन्हा जुळवावे लागतील का, की इतक्या लहान फरकासाठी ते तसेच सोडावेत? आयएफच्या (मधल्या ठरावीक वारंवारतेच्या टप्प्याच्या) कॉइलना मात्र मी हात लावणार नाही, कारण साधनांशिवाय त्या फिरवल्या की चांगला चालणारा सेटही वाया जातो, हे इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

आणखी एक शंका आहे. खालचा पत्रा बसवल्यानंतर ऑसिलेटरची वारंवारता थोडी सरकू शकते का? तसे असेल तर पत्रा लावून, दातेरी वॉशर जिथल्या तिथे घालून आणि सेट अर्धा तास तापवूनच जुळवणी करीन. लाकडी खोका शेवटी चढवायचा असल्यामुळे वरून ट्रिमरपर्यंत प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर तोपर्यंत पोचतो.

दोरी ओवल्याची आणि ट्यूनरच्या पट्टीची छायाचित्रे कुणी मागितल्यास लगेच चढवतो.