नोंदणीच्या वेळची एकच सही ड्राय नीडलिंगला पुरते का?

नवी_फिजिओ: आमच्याकडे पहिल्याच दिवशी छापील कागदावर सही घेतात, 'सर्व आवश्यक उपचारांस माझी संमती आहे.' कंबरेसाठी आलेल्या साठीतल्या बाईंची मान दुखते आहे, वरच्या ट्रॅपेझियसला (मानेपासून खांद्याकडे जाणारा स्नायू) ड्राय नीडलिंग करायचंय, म्हणजे औषधाशिवाय नुसत्या बारीक सुया स्नायूत टोचायच्या. मुलगा म्हणतो, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' चालेल?

केसपेपर: नाही. समीरा कोहली खटल्यात (2008) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, दुर्बिणीच्या तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, आणि सज्ञान बाईऐवजी आईने दिलेली तर नाहीच. खटला शस्त्रक्रियेचा, पण तत्त्व आपल्यालाही लागू. मुलाला बसू द्या, विचारा बाईंना. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदा, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय, एवढं सांगायचं.

मानपाठ: धोके नेमके सांगा. एक-दोन दिवस ठणका, काळंनिळं, कधी भोवळ. त्या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई तिथे लागून फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, क्वचितच होतो, पण लपवायचा नाही, कारण लक्षणं घरी गेल्यावर काही तासांनीही येतात: धाप, श्वास घेताना छातीत कळ, कोरडा खोकला. सांगितलं नसेल तर बाई 'गॅस झालाय' म्हणून ओवा खात बसतील. असं झालं तर थेट इस्पितळ गाठायचं, हे मुलाच्याही कानावर घाला, अर्थात बाईंना विचारून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ते आधीच विचारा.

पालथं झोपवल्यावर चेहरा दिसत नाही. म्हणून आधीच ठरवा: हात उचलला की सुया बाहेर, कारण विचारायचं नाही. पाठ किती उघडी करावी लागेल तेही कपडे बदलण्याआधी सांगा, बाकी टॉवेलने झाका.

नवी_फिजिओ: मग दर खेपेला सही?

केसपेपर: पहिल्यांदा लेखी. पुढे दर वेळी तोंडी विचारून केसपेपरवर तारखेसह एक ओळ: 'मागच्या वेळी दोन दिवस ठणका, आज उजवी बाजू, तोंडी संमती.' नवी जागा किंवा नवं तंत्र आलं की पुन्हा सगळं समजावणं. समजलं का, असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. 'घरी काय झालं तर काय कराल?' असं विचारा. बाई नको म्हणाल्या तर तेही लिहा आणि हाताने ट्रिगर पॉइंट (स्नायूतली दुखरी गाठ) दाबणं, शेक, व्यायाम चालू ठेवा. रीलसाठी व्हिडिओ काढणार असाल तर त्याची परवानगी पूर्ण वेगळी, आणि तीही उपचार संपल्यावर मागा. टेबलावर पडलेला पेशंट नाही म्हणू शकत नाही.