मदत हवी आहे: वडिलांच्या टाचेच्या जखमेवर बसवायचा जैविक पापुद्रा कोणता निवडावा?

नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहोत. माझे वडील, अण्णा, ६७ वर्षांचे असून त्यांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बागेत अनवाणी फिरताना एका छाटलेल्या काडीचे टोक त्यांच्या उजव्या टाचेत घुसले. पायाची संवेदना कमी झालेली असल्यामुळे त्यांना ते जाणवलेही नाही. सहा दिवसांनी आईला चादरीवर पिवळसर डाग दिसला, तेव्हा कुठे आम्ही त्यांना घेऊन नाशिकला आलो.

दोन वेळा सडलेले मांस काढून जखम स्वच्छ करण्यात आली. प्रतिजैविके झाली, जंतुसंसर्ग आटोक्यात आला, हाडापर्यंत काही गेलेले नाही असे एक्स-रेवरून सांगण्यात आले, आणि पायाचा रक्तपुरवठा डॉप्लर तपासणीत समाधानकारक निघाला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा १०.२ वरून ७.८ वर आला आहे. तरीही सुमारे चार सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद जखम उरली असून टाचेखालची चरबीची गादी बरीचशी गेली आहे. गेल्या तीन आठवड्यांत जखम जवळजवळ आकसलेली नाही.

आमच्या प्लास्टिक सर्जनांनी आता जखमेत प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला पापुद्रा बसवण्याचे सुचवले आहे. त्यांनी अण्णांना समजेल अशा भाषेत सांगितले की वेलीला जसा मांडव लागतो तसा नव्या पेशींनाही चढायला आधार लागतो. फरक इतकाच, की वेल चढली की हा मांडव हळूहळू विरघळून जातो. अण्णांना ते लगेच पटले. मात्र बाहेर आल्यावर मी विचारले तेव्हा कळले की हा पापुद्रा डुकराच्या आतड्याच्या आतल्या थरापासून बनतो, आणि दुसरा पर्याय आहे तो गाईगुरांच्या कोलॅजनचा.

अण्णा माळकरी आहेत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला ते तरुणपणापासून पायी जातात. त्यांना न सांगता हे करून घ्यावे असे घरातल्या काहींचे मत आहे, पण माझे मन त्याला तयार होत नाही. पेशी काढून टाकल्यावर त्या पापुद्र्यात मूळ प्राण्याचे नेमके काय उरते? प्राण्याचा नसलेला पर्याय आहे का, आणि तो इतक्या खोल जखमेला पुरेल का? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

मी शस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. निर्णय तुमच्या सर्जनांचाच राहील, पण मला माहीत आहे ते लिहिते.

असा पापुद्रा बनवताना डिटर्जंट आणि विकरे (एन्झाइम) वापरून ऊतीतल्या पेशी व त्यांचा डीएनए जवळजवळ पूर्णपणे धुऊन काढतात. उरते ती पेशींच्या भोवतालची जाळी: मुख्यतः कोलॅजन, थोडे इलॅस्टिन, आणि पेशींना वाढीचे संकेत देणारी काही प्रथिने. कोलॅजनची रचना सस्तन प्राण्यांमध्ये फारशी बदलत नाही, म्हणून शरीर त्याला सहसा परके मानत नाही. रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि स्वतःचे नवे कोलॅजन विणतात. आतड्याच्या थराचा असा उपयोग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९८० च्या दशकात सुरू झाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून तयार केलेल्या पापुद्र्याला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. म्हणजे वैद्यकीय दृष्टीने ही पद्धत विश्वासार्ह आहे. परंतु पेशी धुतल्या म्हणून उगम बदलत नाही, आणि तो चालेल की नाही हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. ते अण्णांनीच ठरवायचे आहे. त्यांना अवश्य सांगा. मधुमेहींना पूर्वी डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले जात असे, हेही सांगा; मात्र त्यांचे मन वळवण्यासाठी नव्हे, त्यांना पूर्ण माहिती असावी म्हणून.

मानवी पर्याय आहे. प्रसूतीनंतर वारेबरोबर बाहेर येणारे गर्भवेष्टन मातेच्या संमतीने घेऊन, वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून हे काम करते. अडचण अशी, की हे वेष्टन अतिशय पातळ असते. ते जखम झाकते, वेदना आणि स्राव कमी करते, कातडी पुढे सरकायला मदत करते. पण टाचेतला खड्डा भरून काढत नाही. त्यासाठी आधी ऋण दाबाचे यंत्र (जखमेत स्पंज ठेवून त्यातून हवा आणि स्राव सतत ओढून घेणारे) लावून तळाशी लालसर, दाणेदार मांस वर आणता येईल का, आणि मग वेष्टन किंवा मांडीची कातडी लावता येईल का, हे सर्जनांना स्पष्ट विचारा.

आणखी एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. टाचेवरचा भार काढला नाही, तर कोणताही पापुद्रा टिकत नाही. तीन आठवडे जखम आकसली नाही यामागे हेच कारण असू शकते, कारण दुखत नसल्यामुळे असे रुग्ण नकळत पाय टेकवतात. भार कमी करणारे प्लास्टर किंवा खास बूट याबद्दल विचारा. जखम भरली तरी यंदा पायी यात्रा नको. नवी कातडी जुनीइतकी मजबूत कधीच होत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

ताई, मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी अण्णांना सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जनावराचं नको. बाळंतिणीनं दिलेलं असेल तर माझी ना नाही." रात्री संडासला जाताना ते टाच टेकवून चालतात हेही आईने आत्ताच सांगितले, आणि आम्ही इतके दिवस ते विचारलेच नव्हते याचे मला फार वाईट वाटते. आजच वॉकर आणि खोलीत ठेवायची कमोड खुर्ची आणली.

सर्जन ऋण दाबाच्या यंत्राला तयार आहेत. दर दोन-तीन दिवसांनी आतला स्पंज बदलायला नाशिकला यावे लागेल, बाकी काळ यंत्र घरीच राहील. आमच्याकडे वीज कधी कधी पाच-सहा तास जाते. कोणी हे यंत्र खेडेगावात घरी वापरले असल्यास त्याची बॅटरी किती वेळ चालते आणि ते बंद पडल्यास ड्रेसिंगचे काय करावे, हे कृपया कळवावे.