नेब्रास्कातली विधवा अनोळखी माणसाशी लग्न का करेल? (कादंबरीसाठी मदत हवी)

देवबागची_वैनी

नमस्कार मंडळी. जून लागला की आमचा होमस्टे बंद. समुद्र अंगणात यायला बघतो, तिथे पाहुणे कसले येतायत! मग पावसाळाभर मी आणि पाहुण्यांनी विसरून गेलेली पुस्तकं. त्यात एका जातीची पुस्तकं मला फार चिकटली आहेत. मुखपृष्ठावर बॉनेट घातलेली बाई, मागे माळरान आणि कापडी छताची गाडी. आत कष्टाळू, देवाधर्माची माणसं आणि सावकाश जमणारं प्रेम. चुंबन एकच, तेही शेवटच्या प्रकरणात, त्यामुळे सासूबाईंनाही गोष्ट मोकळेपणाने सांगता येते. त्या रोज विचारतात, "गो, त्या गाडीवाल्या बाईचं पुढे काय झालं?"

आता तसलीच एक कादंबरी मराठीत लिहायला घेतली आहे. साल १८७४, नेब्रास्का. रूथ नावाची विधवा, एक लहान मुलगा, मातीच्या ढेकळांचं घर. रॉकी पर्वताकडून टोळधाड येते आणि उभं पीक खाऊन जाते. (हे खरंच घडलं होतं. टोळांनी वाळत घातलेले कपडे आणि अवजारांचे लाकडी दांडेसुद्धा कुरतडले होते.) घरात पुरुष नाही म्हणून जमीन हातची जाणार, तेव्हा ती शेजारच्या विधुराशी केवळ सोय म्हणून लग्न करते. इथवर लिहून झालं. पण कच्चा खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "जमीन जाईल का पण? कोण घेईल?" मला उत्तर सुचेना.

दुसरं, टोळधाडीच्या रात्री रूथ मदर मेरीच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू करते, असा प्रसंग आहे. चालेल ना?

कुणकेश्वरचो_झील

आदी जमीन बघ, मगे घोव. आमच्या आजयेचा म्हणणा.

निवृत्त_तलाठी_राजापूर

ताई, तुमच्या मैत्रिणीने नेमकं बोट ठेवलंय. माझं आयुष्य जमिनीच्या कागदांत गेलं, त्यामुळे असली पुस्तकं उघडली की मी आधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघतो. नायक दिसायला कसा आहे ते नंतर.

होमस्टेड कायद्यावर लिंकनची सही २० मे १८६२ ची, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. १६० एकर सरकारी जमीन, फी सगळी मिळून १८ डॉलर. तिथे पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करून पक्का कागद घ्यायचा. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. पुरुषच हवा, असं कलमात कुठेही नाही. अविवाहित बाई चालते, विधवा चालते. अर्जदार मध्येच वारला तर विधवेने राहिलेली मुदत पुरी करायची, कागद तिच्या नावाने होतो. अडचण होती ती नवरा नांदत असलेल्या बाईची. तिला सहसा स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नसे. म्हणजे कागदावर तुमची रूथ एकटीच जास्त भक्कम आहे. दीर सातबारा घेऊन दारात उभा राहतो, ती आपल्याकडची तऱ्हा.

पण लग्न तर हवंच, त्याशिवाय कादंबरी कसली! मग कथा चोवीस वर्षं मागे न्या आणि आणखी पश्चिमेला, ऑरेगनला. तिथला जमीनदानाचा कायदा २७ सप्टेंबर १८५० चा. १ डिसेंबर १८५० पर्यंत तिथे पोचून वस्ती करणाऱ्या एकट्या पुरुषाला ३२० एकर. तो विवाहित असला, किंवा त्या तारखेपासून वर्षाच्या आत त्याने लग्न केलं, तर ६४० एकर. आणि वाढीव निम्मी जमीन बायकोची, तिच्या स्वतःच्या हक्काची, तिच्याच नावावर. साल बघा, १८५०! आपल्याकडे तेव्हा खोती. कसणाऱ्या पुरुषाच्याच नावावर जमीन नव्हती, तिथे त्याच्या बायकोला कोण विचारतो!

त्या कलमात 'एकटा पुरुष' आणि 'विवाहित पुरुष' असे दोनच शब्द आहेत. रूथसारखीला त्यात जागा नाही. आता जुळवा. १८५० च्या एप्रिलमध्ये मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून नवराबायको निघतात. वाट दोन हजार मैलांची, पाच-सहा महिन्यांची. प्लॅट नदीच्या काठाने त्या वर्षी पटकी होती, जूनमध्ये नवरा जातो. मागे फिरण्यात अर्थ नाही, म्हणून ती मुलाला घेऊन ऑक्टोबरात विलामेट खोऱ्यात पोचते. तिथे एक माणूस ३२० एकर धरून बसलाय, लग्न केलं तर दुप्पट होणार. तिला अंगठाभर जमीन नाही, लग्न केलं तर ३२० एकरांची मालकीण. दोघांनाही एकमेकांची गरज, आणि दोघांनाही त्याची लाज. मुदत १ डिसेंबर १८५१. त्या वर्षी तिकडे लग्नांची घाई उडाली होती, अगदी कोवळ्या पोरींचीही उरकली गेली. हेही लिहा, झाकू नका.

शिवाय कायद्यात पुढची अट आहे, सलग चार वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. पटो न पटो, एका छपराखाली. तुम्हाला आणखी काय पाहिजे?

मातीच्या ढेकळांचं घर मात्र सोडावं लागेल, तिथे जंगल आहे, घरं ओंडक्यांची. टोळधाडही जाईल. त्याबदल्यात पाऊस मिळेल. त्या खोऱ्यात उन्हाळा कोरडा आणि हिवाळाभर पाऊस. पावसात घर कसं कुबट होतं, मीठ कसं पाणी सोडतं, हे देवबागच्या बाईला कोणी शिकवायला नको.

रेवदंडा_बंदर

एवढी अमेरिका कशाला? कोकणात विधवा नाहीत की जमिनी नाहीत? इथलंच लिहा की.

देवबागची_वैनी

इथलं लिहिलं की चुलतसासऱ्यांपासून सगळे त्यात स्वतःला शोधणार आणि चतुर्थीला आमच्याकडे जेवायला कोणी येणार नाही. ऑरेगनला माझे नातेवाईक नाहीत.

तलाठीकाका, काल रात्री वीज गेली होती, तरी मेणबत्तीवर नवीन आराखडा लिहून काढला. १ डिसेंबरची तारीख म्हणजे सोनं आहे!

अर्नाळ्याची_बाय

मेणबत्तीवरून आठवलं, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. मी वसईकडची कॅथलिक. नोव्हेना आमची गं! तू वाचतेस त्या पुस्तकांतली माणसं बहुतेक प्रॉटेस्टंट, त्यांच्या घरात मूर्ती नसते. बायबल असतं, आणि त्याच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. प्रार्थना आपल्या शब्दांत, मोठ्याने, जेवणाच्या टेबलाशी. मेथडिस्टांचे पाद्री घोड्यावरून वस्त्या फिरायचे. आज इथे तर पुढचा फेरा कधी, ते वाट आणि नद्या ठरवणार. तुझं लग्न १ डिसेंबरच्या आत व्हायचंय ना? मग पाद्री नदीपलीकडे अडकव.

मेणबत्ती ठेवायचीच असेल तर रूथला नको, शेजारणीला दे. त्याच खोऱ्यात फ्रेंच प्रेरी म्हणून भाग आहे. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत काम केलेले फ्रेंच कॅनेडियन तिथे आपल्या आदिवासी बायकांसह शेती करत, आणि ते कॅथलिक होते.

आणखी एक. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, ज्यांच्या मिशनने १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं, त्याच बोर्डाने १८३६ मध्ये मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन यांना ऑरेगन प्रांतात धाडलं. नवं लग्न झालेलं जोडपं. त्यांची दोन वर्षांची मुलगी १८३९ मध्ये नदीत बुडाली. नार्सिसाची घरी लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत, ती मिळव. श्रद्धा असलेली बाई दुःखात कशी बोलते ते त्यात आहे. कारण या कथांत खरी गाठ तिथेच असते. प्रार्थना केली आणि टोळ उडून गेले, असं लिहिलंस तर मी पुस्तक मिटीन. रूथ देवावर रुसलेली असू दे. प्लॅटच्या काठावर नवऱ्याला पुरून गाडी पुढे हाकावी लागली, त्या दिवसापासून ती जेवणाआधीच्या प्रार्थनेत ओठ हलवत नाही. नव्या नवऱ्याला ते दिसतं, तो काही बोलत नाही. त्याला बोलायला तिसऱ्या वर्षापर्यंत लावू नकोस.

निवृत्त_तलाठी_राजापूर

व्हिटमनांची गोष्ट बाईंनी अर्धी सांगितली. १८४७ मध्ये गोवराची साथ आली, तिथल्या केयूस या आदिवासी जमातीची मुलं भराभर मेली. व्हिटमन डॉक्टर, गोऱ्यांची मुलं बरीचशी वाचली, तेव्हा संशय त्याच्यावर गेला. २९ नोव्हेंबरला नवराबायको दोघंही मारले गेले.

यावरून माझी जुनी तक्रार. या पुस्तकांत जमीन नेहमी 'मोकळी' असते. अहो, नोंद उघडली की आधीचा कब्जेदार कोण, हा पहिला प्रश्न! विलामेट खोऱ्यात कलापुया लोक राहत. कॅमास नावाच्या रानफुलाचे कंद खणून खात, माळ मुद्दाम जाळून राखत. म्हणून तर गोऱ्यांना ते खोरं आयतं साफ मिळालं. १८३० च्या दशकातल्या तापाच्या साथींनी त्यांची बहुतेक माणसं नेली. सरकारने जमीन वाटली १८५० मध्ये आणि त्यांच्याशी पक्का करार केला १८५५ मध्ये. आधी वाटप, मग खरेदीखत! १८५६ मध्ये उरलेल्यांना ग्रँड रॉंडच्या राखीव भागात हलवलं. तुमच्या जोडप्याची चार वर्षं भरतात तीही १८५५ मध्येच. रूथला कागद मिळतो त्याच सुमाराला कंद खणायला येणारी बाई यायची बंद होते. रूथ तिला नावाने ओळखत असली पाहिजे. उपदेश नको, तिने फक्त चौकशी करावी आणि नवऱ्याने उत्तर टाळावं. त्यांचं पहिलं खरं भांडण तिथे लावा.

देवबागची_वैनी

काका, यामुळे नायक थोडा वाईट दिसेल.

निवृत्त_तलाठी_राजापूर

दिसू दे. ६४० एकरवाला माणूस आहे.

देवबागची_वैनी

बरं. शेवटचं एक विचारते. गाडीला बैल की खेचरं? मुखपृष्ठांवर घोडेच दिसतात.

निवृत्त_तलाठी_राजापूर

बैल. खेचरांपेक्षा स्वस्त, वाटेतल्या गवतावर भागवतात, चिखलात हिसका न देता ओढतात. चाल ताशी दोन मैल. आणि गाडीत पीठ, डुकराचं खारवलेलं मांस आणि बिछाने एवढे भरलेले असत की धडधाकट माणसं बाजूने पायीच जात. रूथला पहिल्या प्रकरणात गाडीवर बसवलंय तुम्ही, तिला खाली उतरवा.