रेड बॅरन आणि त्याचं तीन पंखी फोकर: फुकटचं श्रेय?

खिडकीची_सीट (धागाकर्ता)
पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मानफ्रेड फोन रिश्टहोफेन, म्हणजेच रेड बॅरन, म्हटलं की काय दिसतं? लालभडक, एकावर एक तीन पंखांचं फोकर. केकवर तेच, टी-शर्टवर तेच.

आता हिशोब बघा. त्याच्या नावावर पाडलेली विमानं ८०. त्यातली या तीन पंखी फोकरमधून, म्हणजे फोकर डीआर-१ मधून, १९. उरलेली ६१ दोन पंखांच्या विमानांतून, बहुतेक अल्बाट्रॉसमधून. एप्रिल १९१७ मध्ये त्याने एकट्याने २१ पाडली तेव्हा या फोकरचं पहिलं उड्डाणसुद्धा झालेलं नव्हतं. आणि आलं तेही धड नाही. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीला दोन दिवसांत दोन वैमानिक गेले, वरचा पंख हवेतच मोडून. चौकशीत निघालं कारखान्यातलं गचाळ काम आणि आत शिरलेली ओल. सगळी विमानं जमिनीवर बसवली.

माझं म्हणणं एवढंच, की राबलं अल्बाट्रॉस आणि मिरवलं फोकर.

बाल्सा_आणि_फेविकॉल
असहमत. ६१ विरुद्ध १९ हा हिशोब फसवा आहे साहेब, कारण दिवस मोजलेच नाहीत. १२ मार्च ते २० एप्रिल १९१८, या चाळीस दिवसांत त्याने या फोकरमधून १७ पाडली. डोक्याला गोळी लागून जेमतेम सावरलेला माणूस होता तो तेव्हा.

मी या विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल बनवलंय, म्हणून थोडं हातचं सांगतो. खऱ्याचा पंखविस्तार सव्वासात मीटरसुद्धा नव्हता. हलकं अंग, आखूड पंख. वर चढतं झपाट्याने आणि वळतं भिंगरीसारखं. खऱ्यात इंजिनच सिलिंडरांसकट पंख्याबरोबर गरगर फिरायचं, त्यामुळे उजवीकडची गिरकी तर विचारूच नका. उतरवताना मात्र जीव मुठीत. शेपूट जरा भरकटली की खालचा पंख जमिनीला घासलाच. म्हणून खऱ्या विमानाच्या खालच्या पंखांच्या टोकांना लाकडी टेकू असायचे. माझ्या मॉडेलला मी वेताच्या काड्या लावल्यात. आत्तापर्यंत तीनदा बदलल्या.

खिडकीची_सीट
गिरकी मान्य. पण पळायचं कसं? ताशी १६५-१८० किलोमीटर म्हणजे १९१८ च्या मानाने रखडतच. समोरचा पळाला तर गाठता येत नाही, आपल्यावर आलं तर सुटता येत नाही. त्यात त्या फिरत्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागायचं. नाकेबंदीमुळे जर्मनीत एरंडेलाची बोंब, मग बदली तेल घालायचे आणि इंजिनं जाम व्हायची. (लहानपणी आमच्या घरीही एरंडेल पाजायचे. परिणाम वेगळा, पळापळ तीच.)

ठाम_मत
विमानाचं सोडा, मला तो माणूसच फुगवलेला वाटतो. त्याने पाडलेल्यांत निम्म्याहून जास्त दोन आसनी विमानं, टेहळणी आणि फोटो काढणारी, संथ. प्रत्येक बळीमागे बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा पेला करून घ्यायचा. साठ पेले झाले आणि चांदी मिळेनाशी झाली. याला शूर म्हणायचं?

रेवती_वाचतेय
पेल्यांचा मलाही शहारा येतो. पण 'संथ विमानं पाडली' हा आरोप पटत नाही. ती विमानं वरून आपल्या तोफांना नेम सांगायची. एक सुटलं तर खाली खंदकात किती मेले असते? ती पाडणं हेच त्याचं काम होतं. आणि २३ नोव्हेंबर १९१६ ला त्याने पाडलेला ब्रिटिश वैमानिक लॅनो हॉकर तर व्हिक्टोरिया क्रॉसवाला, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेला.

ठाम_मत
ताई, हॉकरच्या डीएच-२ ला एक मशीनगन, याच्या अल्बाट्रॉसला दोन, आणि वेगही याचा जास्त. म्हणजे शेवटी विमानच जिंकलं ना?

रेवती_वाचतेय
घ्या! मघाशी विमानाचं सोडा म्हणालात.

गिरगावकर_७१
थोडं विषयांतर. त्याच आघाडीवर आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर ब्रिटिशांकडून सॉपविथ डॉल्फिन उडवत होता. जून १९१८ मध्ये पडला, फ्रान्समध्ये हँगार्डला त्याची कबर आहे. त्याचं विमान कुठल्या केकवर दिसलं तर कळवा.

खिडकीची_सीट
विषयांतर कसलं, आठवण करून दिलीत हे बरं झालं.

आता रिश्टहोफेनच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगतो. २१ एप्रिल १९१८. मे नावाच्या नवख्या कॅनेडियन वैमानिकाच्या मागे हा सॉम नदीच्या खोऱ्यात शिरला, अगदी खाली, शत्रूच्या हद्दीवर. एरवी वारा पश्चिमेचा, त्या दिवशी पूर्वेचा. आपण किती आत वाहत आलो याचा अंदाज चुकला असावा. गोळी उजव्या काखेखालून शिरून छातीतून बाहेर. श्रेय मिळालं वैमानिक रॉय ब्राऊनला, पण गोळीची दिशा बघता मला तरी जमिनीवरचा ऑस्ट्रेलियन मशीनगनवालाच पटतो. खाली उतरून पाठलाग करू नये हे इतरांना शिकवणारा माणूस! यात विमानाचा दोष नाही, हे मीच कबूल करतो.

बाल्सा_आणि_फेविकॉल
चला, एवढं तरी पदरात पडलं. ते विमान पडल्यावर सैनिकांनी आठवण म्हणून त्याचं लाल कापड कापून कापून नेलं. शत्रूने त्याला लष्करी इतमामात पुरलं, विमान मात्र ओरबाडलं. आज अस्सल डीआर-१ जगात एकही उरलेलं नाही, दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती. त्यात माझीही एक.

रविवारी सकाळी मैदानावर या, उजवीकडची गिरकी दाखवतो. वारा पूर्वेचा नसला तर.